वेलदोड्याचा गड्डा का कुजतो?

मा. संपादक,

सुपारीच्या सावलीत वेलदोडा लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार: पावसात गड्डा कुजतो. दोष बहुधा लावणीचा. कंद खोल पुरून वर मातीची भर दिली की बुंध्याशी पाणी मुरते. कोंब तपकिरी, बुळबुळीत होतो आणि ओढताच हातात येतो. कंद वरवर लावा, चर काढा, मेअखेर वरची दाट सावली विरळ करून १ टक्का बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाची (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) आळवणी करा, म्हणजे ते बुंध्याशी ओता.

पानांवर फिकट, तुटक रेघा म्हणजे मावा या रस शोषणाऱ्या किडीने पसरवलेला ‘कट्टे’ विषाणू. त्याला औषध नाही. ठोंब मुळासकट उपटून नष्टच करावा. फुलोऱ्यावर सकाळी फवारणी मात्र नको. मधमाश्या तेव्हाच येतात, त्यांच्याविना बोंडे धरत नाहीत.

– एक बागायतदार, सावंतवाडी