आजी घरी, आई फडात

मुलांच्या जडणघडणीसाठी एकत्र कुटुंबच हवे, असे सांगणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. आमच्या बीड जिल्ह्यात अनेक घरांत आजी-आजोबा असतात; नसतात ते आईवडील. ऊसतोडीची उचल (आगाऊ रक्कम) ‘कोयत्या’वर, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. मग आईला मागे राहताच येत नाही. दिवाळीच्या सुमारास गेलेली जोडी मार्च-एप्रिलमध्ये परतते. मूल बरोबर नेले तर त्याची शाळा सुटते, मागे ठेवले तर आई.

माझ्या वर्गातला तिसरीचा एक मुलगा असाच आजीजवळ राहायचा. आजी मायेने जेवू घालायची, पण तिला अक्षरओळख नव्हती. तो रोज शाळा उघडण्याआधी पायरीवर वही घेऊन बसायचा आणि पाठीवर हात ठेवल्याशिवाय उठायचा नाही. घरात माणसे किती, यापेक्षा मुलाची रोज विचारपूस करणारे हक्काचे माणूस आहे का, हे मला महत्त्वाचे वाटते. म्हणूनच मागे राहणाऱ्या अशा मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे ऊसतोड मजुरांची पहिली टोळी निघण्यापूर्वी सुरू व्हावीत आणि तिथे जेवणाइतकेच लक्ष संध्याकाळी मुलांजवळ बसणाऱ्या माणसाकडे द्यावे.

— एक निवृत्त शिक्षिका, बीड