सुक्या माशाचा व्यापारी, बर्फाची नदी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या जॉन ग्लोव्हरला तू 'वॉशिंग्टनचा नावाडी' म्हणालास, म्हणजे सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनचा, त्यावर भांडायला हे पत्र. अरे, तो गलबतांचा मालक होता. माल कसा चढवायचा, कसा उतरवायचा हे त्याला कळत होतं आणि युद्धात तेच कामी आलं.

जन्म १७३२ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचा. जवळच्या मार्बलहेड बंदराला आधी जोडे शिवले, मग रम विकली, मग कॉड माशाच्या धंद्यात शिरला. कॉडचं डोकं उडवायचं, कणा काढायचा, मीठ भरायचं आणि लाकडी मांडवावर वाळवायचा. ऊन कडक झालं तर मांस करपतं, पाऊस लागला तर सडतं. चांगला माल स्पेनच्या बिल्बाओला जाई; मोडका, डागी माल वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर, गुलामांच्या पोटाला. तिकडून काकवी येई, तिची रम होई. ग्लोव्हरचे गोडवे गाताना ही बाजू सहसा गाळतात.

१७७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने न्यू इंग्लंडवाल्यांना न्यूफाउंडलंडच्या मासेमारीची बंदी केली. रिकामे झालेले खलाशी ग्लोव्हरच्या रेजिमेंटमध्ये भरती झाले. त्याच साली त्याची ७८ टनी शिडाची बोट 'हॅना' वॉशिंग्टनच्या सैन्याने भाड्याने घेतली, दर टनाला महिना एक डॉलर. तिने पकडलेलं पहिलं जहाज निघालं आपल्याच पक्षातल्या माणसाचं! इंग्रजांनी ते आधी धरलं होतं.

खरी परीक्षा २९ ऑगस्ट १७७६ च्या रात्री, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनला. वॉशिंग्टनची नऊएक हजार माणसं इंग्रजांच्या तावडीतून ईस्ट नदीपार न्यायची. सुरुवातीला ईशान्येचा वारा आणि ओहोटी, त्यामुळे शिडाच्या होड्या निकामी. सगळी भिस्त वल्ह्यांवर. पुढे वारा फिरला. होड्या इतक्या भरल्या की काठ पाण्यापासून काही इंचच वर. मध्येच चुकीच्या निरोपामुळे पिछाडीच्या तुकड्या मोर्चे सोडून घाटाकडे आल्या, त्यांना परत पाठवावं लागलं. सकाळी धुकं पडलं म्हणून निभावलं.

डेलावेअर नदीचं गणित वेगळं. त्याच साली २५ डिसेंबरच्या रात्री २,४०० माणसं आणि १८ तोफा. माणसांसाठी मुख्यतः डरहॅम बोटी, लोखंड वाहणाऱ्या, ४० ते ६० फूट लांब, ८ फूट रुंद, उथळ बुडाच्या. तोफा आणि घोडे मात्र सपाट तरींवर. मध्यरात्री उरकायचं काम बर्फाच्या लाद्यांमुळे पहाटे तीनपर्यंत लांबलं. शत्रूची छावणी असलेलं ट्रेंटन पुढे नऊ मैल, म्हणजे अंधारात हल्ला करायचा बेत बुडाला. खालच्या अंगाला दोन तुकड्या बर्फामुळे अडल्या: एक पार झालीच नाही, दुसरीची काही माणसं पलीकडे पोचली, पण तोफा उतरवता येईनात म्हणून माघारी आली. मात्र सगळं श्रेय मार्बलहेडला देऊ नकोस, स्थानिक तरीवालेही वल्ह्यांवर होते.

वर्षअखेरीस रेजिमेंटची मुदत संपली आणि बरेच खलाशी खासगी लढाऊ जहाजांवर गेले. तिथे पकडलेल्या मालात वाटा मिळे. ग्लोव्हरही घरी परतला. फेब्रुवारी १७७७ मध्ये ब्रिगेडियर जनरलपद चालून आलं तेव्हा आधी नाहीच म्हणाला. वॉशिंग्टनने पत्र लिहून मन वळवलं.

आता बोल, नावाडी म्हणतोस अजून?

तुझा,
अनिल