पालच्या रानात सोबत आलेल्या दादांना

दादा, राम राम.

तुमच्याकडे मोबाईल नाही, म्हणून आभार असे जाहीरपणे मानतोय. गावातलं एखादं पोर वाचून दाखवीलच.

फाल्गुन लागत होता. जळगाव जिल्ह्यातल्या पाल गावाहून यावल अभयारण्याच्या रानात निघालो तेव्हा माझ्या गळ्यात दुर्बीण होती आणि डोक्यात एकच पक्षी, रानपिंगळा, म्हणजे रानातलं छोटं घुबड. १८८४ नंतर शंभरावर वर्षं कुणालाच न दिसलेला आणि १९९७ साली आपल्याच शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला. तुम्ही मात्र पहिल्याच पळसाखाली बसकण मारलीत. "पाखरामागं काय पळता भाऊ? झाड धरून बसा."

बसलो. खाली पडलेली फुलं उचलून तुम्ही दाखवलीत. बुडाशी कुरतडलेलं फूल पोपटाचं. रस पितो आणि टाकून देतो, उधळ्या कुठला! तेवढ्यात शिंजीर आला. नर होता, पण रंग अर्धवट बदललेला: पोट अजून पिवळट, मधोमध काळी पट्टी, खांद्यावर नुकती फुटलेली जांभळी चमक. "नवरदेवाचे कपडे अजून शिंप्याकडंच आहेत," म्हणालात. त्याने फुलात चोच खुपसली आणि बाहेर काढली तेव्हा कपाळाला पराग लागला होता. दुर्बिणीची गरजच पडली नाही.

काटेसावरीवरच्या भोरड्या तुम्ही कलकलाटावरूनच ओळखल्यात. दादर ज्वारीच्या कणसांवर तुटून पडतात म्हणून तुमचा त्यांच्यावर राग. खरंय, पण त्या टोळही फस्त करतात, तेवढं त्यांच्या खात्यावर मांडा. नाहीतरी उन्हाळा तापला की मध्य आशियाकडे चालल्याच.

रानपिंगळा काही दिसला नाही. पण तो ओळखायचा कसा, हे तुम्ही चालता चालता सांगितलंत. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके ठळक, याचं डोकं जवळजवळ कोरं. भर दिवसा निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसतो आणि शेपटी झटकतो. आता आमच्या गल्लीतल्या पिंगळ्याचंही मी आधी डोकं बघतो.

तुमच्या घरची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन वर पैसे घ्यायला तुम्ही नाही म्हणालात, ते मला अजून पटलेलं नाही. शिंजिराचे फोटो छापून चहाच्या टपरीवर ठेवलेत, तेवढे तरी घ्या. मोहाची फुलं पडायला लागली की पुन्हा येतो. पहाटे मोहाखाली अस्वल येतं म्हणालात ना, तेव्हा पुढे तुम्हीच चालायचं.