मोर्चा अडतो तिथं उभं राहून

नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी कविता वाचली. राग खरा आहे, तरी पटली नाही. ज्या नेत्यांवर ती रोखली आहेस, त्यांची नावं उद्या बदलली की तिच्यात उरेल काय? ते काम अग्रलेख जास्त चांगलं करतो. तिसरं कडवं मात्र जिवाला लागलं. आडत्यानं सोयाबीनचा भाव सांगितला आणि काकांनी काही न बोलता पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. बावा, राजकीय कविता तीच आहे! बाकीची कडवी काढून टाक, आणि काका घरी आल्यावर काय झालं ते लिही.

इथं सध्या हिवाळी अधिवेशन सुरू आहे. यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात आणि विधानभवनाच्या अलीकडे, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला नाहीतर टेकडी रोडवर, अडवले जातात. परवा अंगणवाडी सेविकांचा होता. निवेदन घ्यायला कुणी येईल म्हणून बाया दुपारपासून डांबरावर बसलेल्या. एकीनं फडक्यातली भाकर मोडून शेजारणीला दिली, तळहातावर चटणी घेतली. तेवढ्यात घोषणा उठली, आणि तोच चटणीचा हात वर गेला. मी तिथंच लिहून घेतलं. त्यात लोकशाही, व्यवस्था यातलं काही नाही.

याच भागात 23 नोव्हेंबर 1994 ला गुरं राखणाऱ्या गोवारी समाजाचा मोर्चा अडवला होता. अनुसूचित जमातीत घ्या, एवढी मागणी. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, 114 माणसं गेली. त्यात बायका-लेकरंच जास्त. आज झिरो माइलजवळ स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. मागणीचं म्हणशील, तर 2018 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं बाजूनं निकाल दिला, आणि डिसेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. यावर रक्त, आक्रोश, मशाली अशा कविता कविसंमेलनांत टाळ्या घेतात. मला त्या ऐकवत नाहीत. दर 23 नोव्हेंबरला खेड्यापाड्यातून माणसं येतात, स्मारकावर फुलं वाहतात आणि परतीच्या एसटीची चौकशी करत निघतात. त्यांच्यासमोर उभं राहून वाचता येईल अशी एक ओळ मला हवी आहे. अजून जमलेली नाही, पण ती सोडणार नाही.

तटस्थ राहा असं मी मुळीच म्हणत नाही. आपण कुणाच्या बाजूचे ते कवितेत दिसलंच पाहिजे. आणि वाचक नाहीत ही तुझी तक्रार मला मान्य नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर ये. गावाकडून आलेली माणसं, पायात साध्या चपला, पुस्तकांच्या स्टॉलवर खिशातले पैसे मोजून पुस्तकं घेतात. त्यांना कळेल असं लिहू, आणि त्यांच्या बुद्धीचा मान राखून लिहू.

अधिवेशन संपायच्या आत दोन दिवस काढून ये. मुक्काम माझ्याकडेच. येताना काकांना विचारून घे, त्या दिवशी पोतं परत आणायला भाडं किती पडलं. कवितेत ते हवं.

काका-काकूंना नमस्कार.

तुझाच