लॅमिंग्टन रोडच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गडबडीत तुमचं नावच विचारलं नाही. जिन्याखालच्या तुमच्या दुकानात जुनी हार्डडिस्क रुमालात गुंडाळून घेऊन आलेली ती बाई मी.

डिस्क बाबांची. २००४ सालची, ४० जीबीची, रुंद पट्टीवाल्या केबलची आयडीई. लग्नपत्रिका छापता छापता बाबांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवला होता, तो तिच्यात अडकलेला. मी यूएसबी ३.० चा ॲडॉप्टर मागवून लॅपटॉपला जोडला, तर डिस्क हूं की चूं करेना. घराजवळच्या दुकानदाराने तर हातात घेताच ‘मेली’ म्हणून सांगितलं, वर रिकव्हरीचे बारा हजार.

तुम्ही आधी ॲडॉप्टरचा खोका मागितलात. तळाशी पडलेला पॉवरचा ठोकळा बाहेर काढलात आणि माझ्याकडे नुसतं बघितलंत. यूएसबीतून पाचच व्होल्ट येतात, साडेतीन इंची डिस्कची मोटर फिरवायला बारा व्होल्ट वेगळे द्यावे लागतात. पाचावर भागतं ते लॅपटॉपच्या छोट्या डिस्कचं. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईला हे ठाऊक नसावं! चार पिनांची पॉवर लावली आणि डिस्क घूं करत फिरली. तुम्ही कान लावून ऐकलंत, ‘टकटक नाही, तब्येत बरी आहे,’ म्हणालात. माझा जीव भांड्यात पडला.

तरी लॅपटॉपवर काही दिसेना. मग चष्मा कपाळावर सरकवून लेबलवरचा बारीक तक्ता वाचलात. बाबांच्या कॉम्प्युटरात ही दुसरी डिस्क, म्हणून जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, ‘स्लेव्ह’वर (दुय्यम) होता, तुमच्या मते असल्या ॲडॉप्टरला ‘मास्टर’च (मुख्य) लागतो. चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढी ती काळी टोपी उपटून शेजारच्या पिनांवर बसवलीत. वाकलेली एक पिनही जाता जाता सरळ केलीत.

मी वेगाबद्दल विचारलं तेव्हा हसलात. यूएसबी ३.० सेकंदाला ५ गिगाबिटची, पण ही म्हातारी तिच्याच चालीने चालणार, सेकंदाला तीसेक एमबी. ‘महागातला ॲडॉप्टर घेऊ नका,’ हेही तुम्हीच सांगितलंत, आणि तो तर तुमच्याच शोकेसमध्ये होता. फाइलींना हात लावण्याआधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढलीत. पंचवीसेक मिनिटं लागली, तेवढ्यात दोन कटिंग झाले. पैसे तुम्हीच दिलेत.

घरी फाइल उघडली तर अगम्य चिन्हं. मजकूर श्रीलिपीतला, ती स्वतःच्या फॉन्टशिवाय वाचता न येणारी जुनी मराठी लेखनपद्धत, आणि फॉन्टच नव्हता. तोही इमेजमध्येच सापडला, बाबांनी ‘फॉन्ट_जपून’ नावाच्या फोल्डरात ठेवलेला. आता मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल असा, आणतेय. जोडाक्षरं फार छळतात.

छापून झाला की एक प्रत तुम्हाला द्यायला येते. रविवारी तुमचं बंद असतं, तेव्हा शनिवारी. चहा या खेपेला माझ्याकडून.