रक्तकर्करोग संशोधन: शिष्यवृत्तीला देणगी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलांच्या उपचारासाठी मदतीची आवाहने वृत्तपत्रांत नेहमी येतात आणि वाचक सढळ हाताने मदत करतात. त्याच वाचकांपुढे, विशेषतः न्यासांचे विश्वस्त आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) समित्यांपुढे, एक मागणे मांडायचे आहे. या आजारावर काम करणाऱ्या तरुण संशोधकांच्या पहिल्या तीन-चार वर्षांच्या पगाराला आणि प्रयोगशाळेतल्या रोजच्या खर्चाला पैसे द्यावेत.

इमारतीवर किंवा यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, म्हणून देणग्या तिकडे वळतात. पण शिष्यवृत्तीलाही नाव देता येते, आणि त्याचा फार जुना दाखला मुंबईचाच आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या नावाने न्यास स्थापन केला आणि त्याच्या उत्पन्नाचे पाचातले चार भाग जगभरातल्या ल्युकेमिया संशोधनासाठी राखून ठेवले. तेव्हा या आजारावर औषध म्हणावे असे काही हाती नव्हते. आजही तो न्यास तरुण संशोधकांच्या पाठीशी उभा आहे.

पैसे नेमके कुठे कमी पडतात, ते एका नमुन्यावरून सांगतो. रुग्णाच्या अस्थिमज्जेचा (हाडातल्या मगजाचा) संशोधनासाठी मिळणारा भाग जेमतेम दोन-तीन मिलिलिटर असतो आणि तो शक्यतो २४ तासांच्या आत हाताळावा लागतो. सलाइनमध्ये पातळ करायचा, फायकॉलच्या (पेशींचे थर वेगळे करणाऱ्या) द्रावणावर नळीच्या कडेने अलगद सोडायचा आणि सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रात ४०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोराने) अर्धा तास फिरवायचा, ब्रेक बंद ठेवून. ब्रेक चालू राहिला तर थर हलतात आणि मधले पांढुरके कडे विस्कटते. हव्या असलेल्या पेशी नेमक्या त्या कड्यात असतात. मग त्या १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारे रसायन) असलेल्या द्रावणात घालून मिनिटाला एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत थंड करायच्या आणि तिथून द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवायच्या. डीएमएसओ मिसळल्यावर नळी टेबलावर राहिली तर पेशी मरू लागतात. कॅनमधला नायट्रोजनही रोज थोडा उडतो. पट्टी बुडवून पातळी बघायची आणि वेळेवर भरायचा, एवढे साधे काम. ते चुकले तर सगळा साठा जातो. उपचार सुरू होण्याआधी घेतलेला नमुना त्या रुग्णाकडून पुन्हा कधीच मिळत नाही.

ही पट्टी बुडवणारा माणूस बहुधा प्रकल्पावर नेमलेला असतो आणि त्याची नेमणूक ३१ मार्चला संपते. पुढच्या वर्षाचा हप्ता आधीचे पैसे कसे वापरले याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय सुटत नाही, त्याआधी लेखापरीक्षण व्हावे लागते आणि त्यात महिने जातात. घरभाडे थकलेला तरुण तोवर औषध कंपनीत किंवा परदेशी गेलेला असतो. कोटीच्या घरातला फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी तपासणारे यंत्र) मागे राहतो, पण दहा हजार पेशींतली एक रोगट पेशी त्यावर ओळखायला शिकलेला माणूस निघून जातो. तसा माणूस तयार व्हायला दोन वर्षे लागतात.

आकडे पाहू. २०२३ पासून केंद्राच्या दराने पीएचडी झालेल्या नव्या रिसर्च असोसिएटला महिन्याला ५८,००० रुपये मिळतात. मुंबई-पुण्याचा घरभाडे भत्ता धरला तर वर्षाला नऊ लाखांच्या आसपास होतात. अँटिबॉडी (रोगट पेशी ओळखण्यासाठी लागणारी प्रथिने), रसायने, नायट्रोजन आणि जनुकीय चाचण्यांसाठी आणखी सहा लाख धरावेत. तीन वर्षांचे ४५ लाख झाले. मध्यम न्यासाला हे झेपण्यासारखे आहे.

अटी मात्र जपून घालाव्यात. पात्रता वयावर न ठेवता पीएचडी किंवा डीएम (डॉक्टरांची अतिविशेष पदवी) होऊन किती वर्षे झाली यावर ठेवावी आणि बाळंतपणाची वर्षे त्यातून वजा करावीत. निवड विश्वस्तांनी स्वतः करू नये, संस्थेबाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घ्यावी. नीतिमत्ता समितीची मंजुरी यायला महिने लागतात, तेव्हा मुदतीचे घड्याळ मंजुरीनंतर सुरू व्हावे. हप्ता सहा महिन्यांचा आणि आगाऊ द्यावा. शेवटी सहा महिन्यांचा पगार राखून ठेवावा, म्हणजे पुढचे अनुदान येईपर्यंत माणूस टिकतो. आमच्या मते सगळ्यात मोलाची अट हीच.

रक्तविकारतज्ज्ञांसाठी वेगळा विचार हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार१९ ही भारतीय कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याची) आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या एकत्रित कामातून आली. प्रयोगशाळा आणि वॉर्ड जोडले गेले नसते तर ती झाली नसती. पण ओपीडीत दिवसभर अडकलेल्या तरुण डॉक्टरला संशोधनाला वेळच मिळत नाही. आठवड्यातले दोन दिवस त्याच्या जागी बदली डॉक्टर देता येईल एवढे मानधन न्यासाने रुग्णालयाला द्यावे आणि ते दोन दिवस ओपीडीत खर्च होणार नाहीत असे लेखी घ्यावे.

कंपन्यांसाठी वाट मोकळी आहे. सरकारी निधीवर चालणारी विद्यापीठे, आयआयटी, अणुऊर्जा आणि जैवतंत्रज्ञान विभागांच्या स्वायत्त संशोधन संस्था यांना दिलेला पैसा कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसतो. घोळ होतो तो मुदतीचा. मंडळाच्या ठरावात 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' असे सुरुवातीलाच लिहिले तर सुरुवातीचे वर्ष सोडून पुढची तीन वर्षे खर्च करता येतो. उरलेली रक्कम वर्षअखेरीपासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते. हे लिहायचे राहिले तर न वापरलेला पैसा सरकारी निधीत जमा करावा लागतो आणि शिष्यवृत्ती पहिल्याच वर्षी मोडते.

परदेशातल्या मराठी मंडळींनी एवढे पाहावे: भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर ती ठरते, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी. विदेशी देणगी कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही. तेव्हा गावच्या ओळखीच्या ट्रस्टमार्फत न पाठवता, विदेशी देणगी घेण्याची मुभा असलेल्या संशोधन संस्थेलाच तो थेट द्यावा आणि सोबतच्या पत्रात 'पगार व उपभोग्य साहित्य' असा उद्देश स्पष्ट लिहावा. नुसते 'संशोधनासाठी' लिहिले तर त्यातून यंत्रखरेदी होऊ शकते.

ज्यांना या वर्षी सुरुवात करायची आहे, त्यांनी अर्ज जुलैत मागवावेत, निवड ऑक्टोबरपर्यंत संपवावी आणि पहिला हप्ता जानेवारीआधी द्यावा. अँटिबॉडी बाहेरून यायला आठवडे लागतात, आणि मार्चच्या गर्दीत मागवलेली खोकी विमानतळावर अडकून त्यातला कोरडा बर्फ संपून जातो.

आपले,
रक्तकर्करोग संशोधनाशी संबंधित काही वाचक, मुंबई