बुडापेस्टला दात बसवायला निघालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

खालच्या दोन दाढांचे इम्प्लांट बुडापेस्टला करून घ्यायचे आणि त्याच आठवड्यात शहरही पाहायचे, हा तुझा बेत कळला. लंडनच्या खासगी दवाखान्यांच्या मानाने तिथे पैसे नक्की वाचतील. बेत चांगला आहे, पण तो एका आठवड्यात बसणार नाही.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. तो बसवला की हाडाने त्याला धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्या जबड्यात चार ते सहा. कॅप, म्हणजे त्यावरचा दात, त्यानंतर. ‘त्याच दिवशी दात’ अशी जाहिरात असते, पण तो दात तात्पुरता असतो. एकट्या दाढेवर चावण्याचा जोर पडून स्क्रू हलला, तर हाड तो धरतच नाही. म्हणून दोन फेऱ्या धर. खरी सहल दुसऱ्या फेरीत कर.

पहिल्या फेरीला दहा ते तेरा दिवस ठेव. हिरड्या सुजत असतील तर सफाई लंडनलाच उरकून घे. रक्त पातळ करणारे औषध, हाडांच्या ठिसूळपणाची गोळी, मधुमेह, यांतले काहीही असेल तर दवाखान्याला आधीच लिहून कळव. गोळ्या मनाने बंद करू नकोस. पोचल्यावर पहिल्यांदा सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे. खालच्या जबड्यातून ओठाची संवेदना नेणारी नस जाते. तिच्यात आणि स्क्रूच्या टोकात दोनेक मिलिमीटर अंतर हवे, नाहीतर ओठ बधिर राहू शकतो. ते अंतर स्क्रीनवर दाखवायला सांग. कोटेशनमध्ये स्क्रू, अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा भाग), कॅप, हाड कमी असल्यास भरायची हाडाची पावडर, सगळे वेगवेगळे लिहून घे. स्वस्त आकड्यात बहुधा नुसता स्क्रूच असतो.

शस्त्रक्रियेआधीचे दोन दिवस फिरण्याचे. संसद भवन, बुडाचा किल्ला, डॅन्यूबच्या काठाने धावणारी दोन नंबरची ट्रॅम आणि 1896 साली सुरू झालेली मेट्रोची पहिली लाइन. नंतरचे तीन दिवस विश्रांती. वहिनी सोबत असतील तर त्यांनी खुशाल फिरावे.

सेचेनीच्या गरम कुंडांत मात्र या फेरीत उतरायचे नाही. गरम पाण्याने रक्तप्रवाह वाढून जखम पुन्हा वाहू लागते, आणि टाके ताजे असताना सार्वजनिक पाणी तोंडात जायला नको. पहिले चोवीस तास बर्फाचा शेक दे. थुंकणे, स्ट्रॉ, सिगारेट पूर्ण बंद. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच चूळ भर. गुलाश हा तिथला मांसाचा रस्सा कोमट करून, तिखट पाप्रिका न घालता खा. लांगोश या तळलेल्या पुरीची कडक कड टाळ. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिले असेल तर पालिंका या तिथल्या फळांच्या दारूचा घोटही नको. त्याच बैठकीत दाताचे मूळ काढले असेल आणि दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी होण्याऐवजी वाढले, वासही आला, तर रक्ताची गाठ निघून हाड उघडे पडलेले असते. अशा वेळी वेदनाशामक वाढवत बसू नकोस, दवाखाना गाठ. टाके साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. ते काढूनच विमानात बस.

दुसऱ्या फेरीत माप घेणे आणि लॅबमध्ये कॅप बनणे यांत पाच-सात दिवस जातात. मधले दिवस मोकळे, तेव्हा सेचेनी, नदीतली बोट, जवळचे सेंटेंड्रे गाव सगळे कर. कॅप बसल्यावर मात्र एक दिवस हाताशी ठेव. जेवून पाहा. कॅप किंचित उंच लागली तर स्क्रू सैल होतो. रंगीत कागद चावायला देऊन ती घासून घेणे दहा मिनिटांचे काम आहे, पण लंडनला परतल्यावर तेच महागात पडते.

तुझा पासपोर्ट भारतीय आहे, म्हणून शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा माग. प्रवास विमा ठरवून केलेल्या उपचाराचा खर्च सहसा देत नाही. पैसे ब्रिटिश क्रेडिट कार्डाने थेट दवाखान्याला भर. 100 पौंडांच्या वर आणि 30,000 पौंडांपर्यंतच्या खरेदीत, ठरलेले काम झाले नाही तर कार्ड कंपनीकडेही दावा करता येतो. निघताना इम्प्लांटचे कार्ड घे, त्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबरचे स्टिकर हवे. पुढे कुठल्याही डॉक्टरला त्या स्क्रूचा सुटा भाग मागवायचा झाला, तर हीच माहिती लागते.

स्कॅन झाला की फाइल मला पाठव. कोटेशनही.

तुझा,
मित्र